जुनी स्प्लेंडर: न्यूट्रल लागत नाही, दुसरा सुटतो. इंजिन खोलायचं का?

पसरणीकर
नमस्कार मंडळी. घरात १९९८ ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. वडिलांनी घेतलेली, एमएच ११ पासिंग, कागदपत्रं चालू. मी वाईत रोज वापरतो आणि कामानिमित्त पसरणी घाटाने पाचगणीला चढवतो. बोअर-पिस्टनचं काम मागे होऊन गेलंय, धूर मारत नाही, ॲव्हरेजही ठीक. गिअरने मात्र वैताग आणलाय.

सकाळी इंजिन गार असताना फारसं जाणवत नाही. तापलं की बाजारातल्या गर्दीत क्लच दाबून कितीही टाच मारा, पहिला सोडत नाही, न्यूट्रलचा दिवा लागत नाही. मग इंजिन बंद करायचं, न्यूट्रल करायचं, परत किक. मागचे हॉर्न वाजवत असतातच. न्यूट्रलमधून पहिला टाकताना 'खडाक्' होतं आणि गाडी पुढे उडी घेते. शिवाय घाटात चढताना दुसरा मधेच सुटतो, इंजिन नुसतं गरगरतं.

गॅरेजवाल्याने एक फेरी मारून निकाल दिला: फुल इंजिन खोलायचं, गिअर सेट, फोर्क (गिअर सरकवणारे काटे), ड्रम (ते काटे हलवणारा खाचांचा रूळ) सगळं नवीन. जो आकडा सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्मा भरतो. खर्चाला ना नाही, वडिलांचा जीव आहे गाडीवर. पण इंजिन खोलण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल? पाने आहेत, हात काळे करायची तयारी आहे.

चिंचेचं_झाड
विका. इलेक्ट्रिक घ्या, गिअरच नाही तर सुटणार काय? धागा संपला.

दहाचा_पाना
झाडसाहेब, बारामतीत माझं गॅरेज अशाच गाड्यांवर चालतं, पोटावर पाय नका देऊ.

पसरणीकर भाऊ, आधी एवढं सांगा. ऑइल कुठलं आणि कधी टाकलं? क्लच लिव्हरच्या टोकाला फ्री प्ले किती आहे? आणि क्लच वायर शेवटची कधी बदलली?

स्प्लेंडरला लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिमी ढील हवी. बऱ्याच लोकांना क्लच 'हलका' हवा असतो म्हणून वायर इतकी ढिली सोडतात की निम्मा दाब ढील काढण्यातच जातो. मग क्लचच्या प्लेटा एकमेकींपासून सुटणार कशा? वायर वरून चांगली दिसते, पण हँडलपाशी वळते तिथे आतले तार एकेक करून तुटलेले असतात. लिव्हरचा पिव्होट बोल्ट आणि त्याचं भोकही बघा. भोक लांबट झालं असेल तर तिथेही दाब वाया जातो. गिऱ्हाईक 'गिअरबॉक्स गेला' म्हणून येतं आणि नवीन वायर टाकून जातं, हे आमच्याकडे नेहमीचं.

अर्धवट_ज्ञानी
ऑइलचाच प्रॉब्लेम आहे. कारचं ऑइल टाकलं असणार. कारच्या ऑइलने क्लच खराब होतो.

दहाचा_पाना
@अर्धवट_ज्ञानी, नावाला जागलात. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्याने क्लच *घसरतो*. म्हणजे मूठ पिळली की इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. यांची तक्रार उलटी आहे, क्लच *सुटत* नाही. बाटलीवर जासो एमए, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणारा दर्जा, लिहिलंय का तेवढं बघायचं. एमबी बिनागिअरच्या स्कूटरसाठी असतं, ते इथे नको.

अर्धवट_ज्ञानी
बरं. पण ऑइल बघा म्हटलं ते बरोबरच होतं ना?

निवृत्त_निदेशक
आयटीआयमध्ये मुलांना मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात नोकरी गेली, तेव्हा उत्तर लांबेल. सांभाळून घ्या.

पसरणीकर, तुम्ही तीन लक्षणं एका दमात सांगितलीत आणि गॅरेजवाल्याने तिन्ही मिळून एकच आजार धरला. मला तसं वाटत नाही.

न्यूट्रल न लागणं आणि पहिला टाकताना खडाक् होणं ही एकाच कारणाची दोन रूपं आहेत. क्लच दाबूनसुद्धा इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचतेय. गिअरच्या दातांवर ताण असेपर्यंत तो जागचा हलत नाही. इंजिन बंद केलं की ताण जातो, न्यूट्रल लागतं. म्हणजे पहिल्या अर्ध्याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे, फक्त पडताळून घ्यायचं.

पडताळणी अशी. गाडी चांगली तापवा, घाट चढून आल्यावर केलीत तर उत्तम. इंजिन बंद करा, गाडी हाताने किंचित पुढे-मागे झुलवत न्यूट्रल ते चौथा आणि परत न्यूट्रल असे सगळे गिअर टाकून पाहा. न झुलवता कराल तर चांगल्या गाडीतही एखादा गिअर पडणार नाही, कारण आतल्या खाचा समोरासमोर येत नाहीत. झुलवत सगळे अलगद पडले तर गिअरबॉक्सवरचा संशय कमी करा. मग मेन स्टँडवर लावून इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. मागचं चाक थोडं फिरेल, ऑइलमुळे ते होतंच. पायाने ब्रेक हळूच लावा. चाक थांबलं आणि इंजिन चालू राहिलं तर ठीक. इंजिन दबलं किंवा बंद पडलं तर क्लच धरून बसलाय.

दुसरा सुटण्याचं प्रकरण वेगळं. गिअरच्या अंगावर बाजूला खुंट असतात, मेकॅनिक त्यांना डॉग म्हणतात. ते शेजारच्या गिअरच्या खाचेत पूर्ण शिरले नाहीत तर ताण येताच बाहेर फेकले जातात. का शिरत नाहीत? खुंटांच्या कडा गोल झाल्या असतील. फोर्क झिजला किंवा वाकला असेल. ड्रमला जागेवर धरणारा स्टॉपर ढिला पडला असेल. किंवा लिव्हरचा फेराच पूर्ण होत नसेल. पहिल्या दोहोंसाठी क्रँककेस, म्हणजे इंजिनचं मुख्य कवच, फोडावी लागते. तिसऱ्यासाठी उजव्या अंगाचं क्लचचं झाकण काढून क्लच बाहेर घेतला की काम होतं. चौथ्यासाठी काहीच खोलावं लागत नाही. गॅरेजवाले पहिल्यापासून सुरुवात करतात, आपण चौथ्यापासून करायची.

कोल्हापुरी_गडी
निदेशक सर, लई भारी. आमच्या वेळंला असं कुणी शिकवलं असतं तर मी पोलीस भरतीऐवजी गॅरेज टाकलं असतं.

बुलेटवाला_बाबा
अवांतर होतंय, पण गिअर सापडत नाही म्हणून रडणाऱ्यांनी एकदा जुनी कास्ट आयर्न बुलेट चालवावी. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, एक वर तीन खाली. आणि न्यूट्रल शोधायला कंपनीनेच वेगळा पिटुकला लिव्हर दिलाय! टाचेने दाबला की वरच्या कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रल. ज्याने हे डिझाइन केलं त्याला ग्राहकाचं दुःख कळत होतं.

त्यातही दोन गिअरच्या मधे खोटं न्यूट्रल लागतं. नवशिके म्हणतात गिअरबॉक्स गेला. आत एक छोटी प्लेट असते, दोन बोल्टवर, लांबट भोकांची. ती केसभर पुढे-मागे सरकवायची. लिव्हर वर आणि खाली सारखाच हलून पकडला पाहिजे, एवढंच सूत्र. अल्बियन कंपनीची ती गिअरची डबी इंजिनपासून वेगळी, त्यामुळे गिअर बिघडला म्हणून इंजिनला हात लावायची भानगड नाही. जुन्या लोकांना अक्कल होती.

चिंचेचं_झाड
आणि ऑइल गळतं ते रस्ता सापडावा म्हणून, नाही का बाबा?

येझदीप्रेमी_दादर
बुलेटवाले आले म्हणजे आम्ही यायलाच हवं. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यात. किक मारून झाली की तोच दांडा फिरवून पुढे घ्यायचा, झाला गिअर लिव्हर. शिवाय दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, डाव्या हाताची गरज नाही. क्लच वायर तुटली तरी म्हैसूरची गाडी घरी पोचवते. स्प्लेंडरवाल्यांनी ही मजा कधी अनुभवली का?

आरती_नगरकर
मंडळी, बिचारे पसरणीकर वाट बघत असतील.

माझा अनुभव लिहिते. माझ्याकडे भावाची जुनी हिरो होंडा सीडी १०० होती. गिअर कधी पडायचा, कधी पाय नुसताच खाली जायचा. लिव्हर जिथे शाफ्टवर बसतो तिथले दाते झिजलेले होते. बोल्ट कितीही आवळला तरी लिव्हर आधी सरकायचा, मग शाफ्ट फिरायचा. गावातल्या एकाने 'कायमचा इलाज' म्हणून लिव्हर शाफ्टला वेल्डिंग करायचा सल्ला दिला. करू नका! पुढे कधी डाव्या बाजूचं झाकण काढायचं झालं तर वेल्डिंग कापावं लागतं आणि शाफ्टच बदलावा लागतो, जो इंजिनच्या आरपार गेलेला असतो. नवीन लिव्हर फार महाग नसतो. आधी तो घालून बघा, शाफ्टचे दाते त्यामानाने उशिरा झिजतात.

तपासायची पद्धत सोपी: लिव्हर आणि शाफ्टवर मिळून खडूने एक रेघ मारा. गिअर टाकताना रेघ तुटली तर लिव्हर फिरतोय.

दहाचा_पाना
ताईंना +१. वेल्डिंगवाल्यांनी आम्हाला लई रडवलंय.

म्हापशेकार
आमच्या गोव्यात पायलट लोक, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, अशाच गाड्या वर्षानुवर्षं चालवतात. दिवसभर थांब-निघ, थांब-निघ. स्टँडवरच्या एका म्हाताऱ्या पायलटाने मला सांगितलेलं: गिअर कडक वाटला तर पहिल्यांदा चेन बघ. चेन अति आवळलेली असेल किंवा स्प्रॉकेटचे दात वाकडे झाले असतील तर गिअर टाकताना झटका बसतो आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या घालतो. पावसाळ्यात चेन गंजून एखादी कडी आखडली तरी तेच. दुसरा सुटण्याशी संबंध असेल असं नाही, पण खडाक् मधला थोडा हिस्सा तिथला असू शकतो.

पसरणीकर
सर्वांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. (येझदीवर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.)

ऑइल २० डब्ल्यू ४०, जासो एमए, सर्व्हिसिंगला टाकलेलं. पातळी डिपस्टिकवर बरोबर. क्लच वायर नवीन टाकली, ढील १५ मिमीच्या आसपास ठेवली. फरक पडला, पण थोडाच. चेन जास्त आवळलेली होती, ढिली केली. धक्का कमी झाला.

निदेशक सरांची पडताळणी घाटातून उतरून लगेच केली. इंजिन बंद करून झुलवत सगळे गिअर पडले. मेन स्टँडवर क्लच दाबून ब्रेक लावला तर इंजिन दबतं आणि तसंच धरलं तर बंद पडतं. गार असताना हीच परीक्षा पास होते.

खडूची रेघ तुटली नाही.

निवृत्त_निदेशक
मग क्लच धरतोय हे पक्कं. वायर चांगली, ढील योग्य, तरी गरम झाल्यावर धरतोय म्हणजे प्लेटांकडे जावं लागेल. पोलादी प्लेटा वाकल्या असतील किंवा हाउसिंगच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या भांड्याच्या) बोटांना खाचा पडल्या असतील. घर्षण प्लेटांचे कान त्या बोटांमधून सरकायचे असतात. वर्षानुवर्षं आपटून बोटांवर खड्डे पडतात, कान त्यात अडकतात, आणि लिव्हर दाबला तरी प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत.

आता दुसऱ्या गिअरचा प्रश्न. एक गोष्ट नीट बघून सांगा. दुसरा *पहिल्यातून वर टाकल्यावर* सुटतो, की *तिसऱ्यातून खाली उतरवल्यावर*? की दोन्ही वेळा?

कोल्हापुरी_गडी
सर, दुसरा तो दुसराच. कुठनं आला त्यानं काय फरक पडतुय? जावई कुठल्या गाडीनं आला यावर जेवण ठरत नाही.

निवृत्त_निदेशक
फरक पडतो. गिअर आत बसल्यावर त्याला आपण कुठून आलो हे माहीत नसतं, बरोबर. खुंट झिजले असतील तर तो दोन्हीकडून येऊन सुटेल. एकाच बाजूने आल्यावर सुटत असेल तर तो आत *पूर्ण पोचतच नाही*. म्हणजे दोष वाटेत आहे.

दहाचा_पाना
सरांचा आदर आहे, पण मी सांगतो, घाटात दुसरा सुटला म्हणजे खुंट गोल झाले. ट्रिपल सीट, पोती, दुधाचे कॅन वाहिलेल्या गाड्यांना दुसराच आधी जातो, कारण चढाला सगळा मार तोच खातो. इतके बॉक्स खोललेत, दहातले आठ तसेच निघतात.

निवृत्त_निदेशक
तुमच्याकडे खोलायला येतात त्या गाड्यांत आठ निघत असतील. न खोलता बऱ्या झालेल्या गाड्या तुमच्या मोजणीत येतच नाहीत, पानेसाहेब. राग नसावा.

दहाचा_पाना
राग कसला. पण बॉक्स खोलल्यावर मलाच आठवण काढाल.

आरएक्स_शंभर_पुणे
दोन स्ट्रोकवाल्यांसाठी एक आठवण, कारण धागा वाचून तेही येतील. आरएक्स १०० मध्ये टू-टी ऑइल वेगळ्या टाकीतून इंजिनात जळून जातं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल खाली वेगळं असतं. टू-टी नियमित भरणारे महाभाग गिअर ऑइल मात्र पिढ्यानपिढ्या बदलत नाहीत. गिअर कडक, क्लच चिकट, आणि मग 'यामाहाचा गिअरच असा' म्हणून मोकळे. काळं पाणी काढून नवीन टाका, निम्म्या तक्रारी जातात.

अर्धवट_ज्ञानी
म्हणजे शेवटी ऑइलच. मी काय म्हणत होतो?

येझदीप्रेमी_दादर
हिरो होंडाची ती सीडी १०० ची जाहिरात होती ना, 'फिल इट, शट इट, फरगेट इट'. सांगितलं होतं पेट्रोलबद्दल, लोकांनी ऑइलही फरगेट केलं.

पसरणीकर
सरांच्या प्रश्नासाठी मुद्दाम घाटात दोन्ही प्रकारे करून पाहिलं. पहिल्यातून दुसरा टाकला तर सुटत नाही. पूर्ण मूठ पिळली, मागे मेहुणा बसलेला, तरी नाही. तिसऱ्यातून दुसरा उतरवला की सुटतो. दर वेळी नाही, पण सुटला तर तेव्हाच. आणि आता लक्ष देऊन पाहिल्यावर चौथ्यातून तिसरा केल्यावरही कधीकधी तसंच होतं. सपाटीला जाणवत नव्हतं.

निवृत्त_निदेशक
छान निरीक्षण. स्प्लेंडरला सगळे गिअर पुढे दाबून वर जातात आणि टाचेने खाली येतात. म्हणजे तुमचा दोष टाचेच्या फेऱ्यात आहे. आता जमिनीवर बसा, डोळे लिव्हरच्या पातळीला आणा, आणि कुणाला तरी टाच दाबायला सांगा. लिव्हरचं मागचं टोक कशाला टेकतं का?

पसरणीकर
टेकतं!! फुटरेस्टच्या दांड्याला टेकतं. टाच दाबली की टोक दांड्यावर बसतं आणि थांबतं. दांडा डाव्या बाजूला वर उचललेला आहे. मेहुण्याला विचारलं तर तो मान्य करत नाही, पण त्याने वाळूवर गाडी डाव्या अंगावर पाडली होती हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

फोटो टाकतोय. डाव्या आणि उजव्या फुटरेस्टच्या उंचीतला फरक बघा.

आरती_नगरकर
अरे देवा. उजवीकडची सरळ आणि डावीकडची आकाशाकडे. आणि रबर पण जाड लावलंय कुणीतरी, त्याने उरलीसुरली जागा खाल्ली.

निवृत्त_निदेशक
हेच. लिव्हर अर्ध्यात थांबला की ड्रम पूर्ण फिरत नाही. बहुतेक वेळा स्टॉपरची स्प्रिंग उरलेला ड्रम स्वतः ओढून घेते, म्हणून दर वेळी सुटत नाही. जेव्हा ओढू शकत नाही तेव्हा खुंट अर्धेच आत बसतात आणि चढाला मूठ पिळली की बाहेर.

आणखी एक लक्षात घ्या. पहिल्यातून न्यूट्रल करतानाही टाचच लागते. म्हणजे तुमच्या न्यूट्रलला क्लच एकीकडून अडवत होता आणि फुटरेस्ट दुसरीकडून. दोन आजार एकमेकांना मदत करत होते.

एक सावधगिरी. फुटरेस्टचा दांडा गाडीवर ठेवून हातोड्याने सरळ करू नका. तो इंजिनच्या तळाला बोल्टने बसवलेला असतो. वरून घाव घातलेत तर झटका ॲल्युमिनियमच्या क्रँककेसला बसतो, बोल्टाच्या कानाला तडा जातो, आणि मग खरंच इंजिन खोलावं लागेल. दांडा काढून बाहेर सरळ करून घ्या, किंवा नवीन टाका.

दहाचा_पाना
मानलं सर. एवढंच म्हणतो की अर्धवट बसलेल्या खुंटांवर किती दिवस चालली त्यावर कडा शिल्लक आहेत की नाही ते ठरेल. सरळ करून महिनाभर चालवा, परत सुटला तर बोलू.

चिंचेचं_झाड
म्हणजे आकडा निम्म्या गाडीचा, आणि रोग फुटरेस्टचा. मी गाडी विकायला सांगत होतो ते मागे घेतो. मेहुणा विका.

पसरणीकर
झाड, तो हा धागा वाचतो.

पसरणीकर
अपडेट. फुटरेस्ट लोहाराकडून तापवून सरळ करून घेतली, साधं रबर टाकलं. लिव्हर शाफ्टवर एक दाता वर घेऊन बसवला, आता टाच पूर्ण खाली जाते आणि टोक व दांड्यामध्ये बोट जातं. दुसरा सुटायचा बंद. घाटात, ओझ्यासकट, तिसऱ्यातून दुसरा, चौथ्यातून तिसरा, सगळं करून झालं.

न्यूट्रल मात्र तापल्यावर अजून कडक आहे, आधीपेक्षा बरं. म्हणजे क्लच खोलायचा. हे घरी करू का मेकॅनिककडे?

दहाचा_पाना
हाताला सवय असेल तर घरी होतं, पण दोन गोष्टींसाठी थांबा. एक, क्लचच्या मधला चार खाचांचा नट. त्याचा वेगळा सॉकेट मिळतो, तो घ्या. छिन्नी-हातोड्याने खोलणारे नटही घालवतात आणि शाफ्टही. दोन, झाकणाचं पॅकिंग नवीन आणून ठेवा, जुनं निघताना फाटणारच.

ऑइल काढा, किक आणि फुटरेस्ट सोडवा, झाकण काढा. समोर गोल ऑइल फिल्टर दिसेल, क्रँकच्या टोकावर. त्याचं झाकण उघडून आतला गाळ रॉकेलने साफ करा. फिरण्याच्या जोराने कचरा तिथे भिंतीला जाऊन बसतो, आणि बरेच मेकॅनिक तो कधी उघडतच नाहीत. मग क्लच. पोलादी प्लेटा काचेवर सपाट ठेवून कडेने फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. होंडाच्या या छोट्या इंजिनांत ०.२ मिमीच्या वर गेज शिरलं तर प्लेट बाद. निळ्या पडल्या असतील तर मोजायचीही गरज नाही. नवीन घर्षण प्लेटा कोरड्या घालायच्या नाहीत, आधी रात्रभर ऑइलमध्ये बुडवा.

क्लच बाहेर आलाच आहे तर मागचा स्टॉपर आणि त्याची स्प्रिंगही बघून घ्या. परत तिथपर्यंत कोण जातंय.

कोल्हापुरी_गडी
हाउसिंगला खाचा पडल्या असतील तर कानस मारून घ्या की. आमच्या उद्यमनगरात असली कामं चुटकीसरशी होतात. नवीन कशाला?

निवृत्त_निदेशक
खाच नखाला जेमतेम लागेल इतकी असेल तर कानस चालते, सगळी बोटं सारखीच घासायची. खोल खाच घासून काढली तर बोट पातळ होतं आणि प्लेटेच्या कानाला मोकळी जागा मिळते. मग ते आणखी जोरात आपटतात आणि खाच पुन्हा पडते, या वेळी लवकर. बोट मोडलं तर तुकडे गिअरमध्ये जाणार. जुन्या गाडीला हाउसिंग बदलणं स्वस्त पडतं.

आरएक्स_शंभर_पुणे
पुण्याला येणं होत असेल तर नाना पेठेत फिरा. स्प्लेंडरचे पार्ट मिळणार नाहीत असं दुकान तिथे शोधावं लागेल. पण डुप्लिकेटपासून सावध, प्लेटा हातात घेऊन जुन्याशी जाडी जुळवूनच पैसे द्या.

पसरणीकर
काम झालं. शेजारच्या एका मेकॅनिकला बसवून घरीच केलं, मी हाताखाली. हाउसिंगच्या बोटांना खाचा चांगल्याच खोल होत्या, पोलादी प्लेटांपैकी दोन निळ्या. कानसेचा विचार सोडला, हाउसिंग आणि पूर्ण प्लेट सेट नवीन टाकला. फिल्टरमधून निघालेला गाळ बघून मेकॅनिकसुद्धा गप्प झाला. स्टॉपर ठीक होता, स्प्रिंग तेवढी बदलली.

तापलेल्या गाडीवर मेन स्टँडची परीक्षा परत घेतली. ब्रेक लावल्यावर चाक थांबतं, इंजिन हूं की चूं करत नाही. बाजारात उभ्या उभ्या टाचेने न्यूट्रल लागतं. सगळा खर्च धरून गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी आला. वडिलांनी एक फेरी मारली आणि 'ठीक आहे' म्हणाले, म्हणजे उत्तम.

बुलेटवाला_बाबा
अभिनंदन! आता उरलेल्या पैशात एक कास्ट आयर्न शोधा.

दहाचा_पाना
बॉक्स न खोलता सुटलात, बरं झालं. एक काम राहिलंय. नवीन प्लेटा बसल्या की थोड्याच दिवसांत लिव्हरची ढील बदलते. दोनेक आठवड्यांनी परत मोजा, १० ते २० मिमीत आणा. ढील पार संपली आणि तसंच चालवलंत तर क्लच घसरायला लागेल आणि नव्या प्लेटा जळतील. आणि या पहिल्या ऑइलवर पूर्ण मुदत काढू नका. नव्या प्लेटांचा चुरा त्यात उतरतो, ते लवकर बदला.

अर्धवट_ज्ञानी
जासो एमए, बरं का.

नवीन_सभासद_लातूर
सगळा धागा वाचला. माझ्याही गाडीला न्यूट्रल लागत नाही, पण माझी गार असतानाच त्रास देते, तापली की सुरळीत. मीही हाउसिंग बदलू का?

निवृत्त_निदेशक
नाही. गार असताना प्लेटांमध्ये ऑइल चिकटून असतं, रात्रभर उभ्या गाडीत तर जास्तच. सकाळी इंजिन चालू करण्याआधी क्लच दाबून चौथ्यात गाडी दोन-चार फूट ढकला, प्लेटा सुटतात. त्याने भागलं तर खोलू नका. ऑइल कुठलं आणि किती जुनं ते मात्र कळवा.